विद्यापीठात जागा निघाल्यात म्हणे!

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



'विद्यापीठात जागा निघाल्यात म्हणे!' हे वाक्य आमच्या शेगावात वर्षातून दोन-चार वेळा तरी कानावर येतं. मग झेरॉक्सच्या दुकानासमोर गर्दी होते, गुणपत्रिकांच्या प्रती निघतात, फोटो काढले जातात. कुणाच्या तरी मोबाइलवर जाहिरात आलेली असते आणि ती सगळीकडे फिरत असते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. आता निवृत्त आहे. त्यामुळं ही मुलं-मुली माझ्याकडेही येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, म्या भरू का फॉर्म?"

माझं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं. "जाहिरात पूर्ण वाचली का?" बहुतेकांनी पदाचं नाव, जागांची संख्या आणि पगार एवढंच वाचलेलं असतं. खरी जाहिरात तर त्यानंतर सुरू होते. विद्यापीठातल्या जागा आणि त्यांना लागणारी पात्रता याबद्दल आज थोडं सविस्तर बोलावं, असं म्हणूनच ठरवलं.

आपलं विद्यापीठ म्हणजे अमरावतीचं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन ते सुरू झालं. त्याआधी आमच्या भागातल्या माणसाला विद्यापीठाचं कोणतंही काम निघालं की नागपूर गाठावं लागे. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे अमरावती विद्यापीठाकडे आहेत. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ सालचंच. शेजारी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, ते १९६९ मध्ये स्थापन झालं. म्हणजे आमच्या भागातल्या पदवीधराला नोकरीच्या दृष्टीनं दोन मोठी विद्यापीठं जवळ आहेत. पण जवळ असणं वेगळं आणि आत जाता येणं वेगळं.

पहिली गोष्ट अशी, की 'विद्यापीठ भरती' नावाची एकच भरती नसते. विद्यापीठाच्या आवारातले पदव्युत्तर विभाग हे एक घर. तिथल्या जागा विद्यापीठ स्वतः भरतं. विद्यापीठाशी संलग्न असलेली पाच जिल्ह्यांतली महाविद्यालयं हे दुसरं घर. तिथल्या जागांची जाहिरात ती ती शिक्षण संस्था देते. विद्यापीठ पात्रता तपासतं, निवड समितीवर आपले प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ देतं आणि नेमणुकीला मान्यता देतं. तिसरं घर कार्यालयाचं. कुलसचिव, परीक्षा विभागाचे अधिकारी, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई ही सारी शिक्षकेतर पदं त्यात येतात. कृषी विद्यापीठाचा कारभार तर पूर्ण वेगळा. त्याचा कायदा वेगळा आणि पात्रतेचे निकषही वेगळे. म्हणून जाहिरात हाती आली की ती कोणत्या घराची आहे, हे आधी बघावं.

शिक्षकेतर पदांपासून सुरुवात करू, कारण पदवीधर तरुणांचा मोठा गट तिकडेच वळतो. कनिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी सर्वसाधारणपणे पदवी, मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द यांचं शासकीय प्रमाणपत्र, आणि संगणकाचं ज्ञान म्हणजे एमएस-सीआयटी किंवा तिच्या बरोबरीचं काही, एवढं लागतं. शिपायाच्या पदालाही हल्ली बहुधा दहावी उत्तीर्ण ही अट असते. वयाची कमाल मर्यादा राज्यात २०१६ पासून सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं अशी आहे. शिवाय २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दोनपेक्षा जास्त अपत्यं असली तर तिथंच अडचण येते. हे वाचून हसणारे तरुण मी पाहिले आहेत, पण नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते आणि मग ती अट आपल्यालाच लागू होते.

इथं एक विचार मनात येतोच. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शेंडगाव आणि शेगाव यांत पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. बाबा शाळा शिकलेले नव्हते. आजच्या जाहिरातीच्या अटी लावल्या तर त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात शिपायाचा अर्जसुद्धा त्यांना भरता आला नसता. पण 'पोरांना शिकवा' हा आग्रह त्यांनी जन्मभर कीर्तनातून धरला, आणि ज्या घरांनी तो ऐकला त्याच घरांतली नातवंडं आज एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. होऊन या जाहिराती वाचताहेत. त्यांचं शिकणं वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हे सारं सांगायचं.

आता अध्यापकांच्या जागा. पूर्वी ज्याला आपण अधिव्याख्याता म्हणत होतो त्यालाच २०१० पासूनच्या नियमांत सहायक प्राध्यापक म्हणतात. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता वगैरे वेगळं. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात हा आकडा ऐकल्यावर काय होत असेल, ते सांगायला नको.

या पदाची मूळ पात्रता सांगायला सोपी आहे. संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, तीत किमान ५५ टक्के गुण, आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन क्रीमी लेयरमधले इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग यांना गुणांत पाच टक्के सवलत, म्हणजे ५० टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी. झालेल्यांना नेट-सेटमधून सूट मिळते. अभियांत्रिकीचा रस्ता निराळा. तिथं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम चालतात. बी.ई. आणि एम.ई. किंवा तत्सम पदव्या आणि त्यांपैकी एका पदवीत प्रथम श्रेणी असली की सहायक प्राध्यापकपदाला अर्ज करता येतो. नेट लागत नाही.

सांगायला सोपं असलं तरी पाय अडकतो तो बारीक शब्दांत. ५५ म्हणजे ५५. नेटच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की अपूर्णांक वर ओढून पूर्ण करायचा नाही. ५४.९ वाला उमेदवार '५५ च झाले की' म्हणतो, पण ते चालत नाही. आणखी एक, मागास प्रवर्गांची राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. नेटचा अर्ज केंद्राच्या यादीप्रमाणे भरायचा, महाविद्यालयाचा अर्ज राज्याच्या यादीप्रमाणे. दोन्हीकडे एकच दाखला जोडून मोकळं होता येत नाही.

नेट आणि सेट यांतही फरक आहे. नेट देशपातळीवरची परीक्षा. पूर्वी ती आयोगच घेत असे, डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. सेट राज्यपातळीवरची. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुण्याचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण १ जून २००२ नंतर सेट झालेला उमेदवार आपल्याच राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पात्र ठरतो. बुलढाणा जिल्ह्याची हद्द मध्य प्रदेशाला लागून आहे. पलीकडे बऱ्हाणपूरला जागा निघाली तर महाराष्ट्राची सेट तिथं चालत नाही, नेट चालते.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट झाले आहेत. पहिल्या गटाला संशोधन छात्रवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, असं तिन्ही. दुसऱ्या गटाला छात्रवृत्ती सोडून बाकी दोन. तिसऱ्या गटाला फक्त पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. या तिसऱ्या गटातली मुलं 'नेट निघाली' म्हणून घरी पेढे वाटतात आणि प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करतात. तो अर्ज छाननीतच बाद होतो. निकालपत्रावरची ती एक ओळ वाचली असती तर अर्जाचं शुल्क वाचलं असतं आणि मनस्तापही.

आता पीएच.डी. पात्रतेच्या इतिहासात हा शब्द किती वेळा आत आला आणि बाहेर गेला, ते पाहिलं की तरुणांची दमछाक समजते. नेट परीक्षा १९८९ पासून सुरू झाली. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ती अधिव्याख्यातापदासाठी आवश्यक ठरली. २००६ मध्ये पदवी महाविद्यालयांसाठी एम.फिल. झालेल्यांनाही सूट दिली गेली. तीन वर्षांनी, २००९ मध्ये ती काढून घेतली. एम.फिल. ही पदवीच आयोगानं २०२२ मध्ये बंद केली. २०१८ च्या नियमांनी सांगितलं, की विद्यापीठ विभागांत थेट भरतीनं सहायक प्राध्यापक व्हायचं तर १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. हवीच. कोरोनाच्या काळात ही तारीख १ जुलै २०२३ पर्यंत पुढं गेली. आणि ती तारीख आली तेव्हा नियमच बदलला. नेट, सेट ही किमान पात्रता आणि पीएच.डी. ऐच्छिक, असं ठरलं.

मुलं म्हणतात, "सर, आता पीएच.डी. लागत नाही." मी म्हणतो, अर्ज भरायला लागत नाही. स्पर्धेत लागते. कसं ते आकड्यांनी दाखवतो. २०१८ च्या नियमांत मुलाखतीला बोलावण्यासाठी उमेदवारांची यादी कशी करायची, याचा १०० गुणांचा तक्ता दिलेला आहे. विद्यापीठ विभागासाठी त्यात पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला ३०, छात्रवृत्तीसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, शोधनिबंधांना १०, अनुभवाला १० आणि पुरस्कारांना ३ गुण आहेत.

आता दोन उमेदवार घ्या. दोघांचेही बी.ए.ला ५८ टक्के, म्हणून १० गुण. एम.ए.ला ६२ टक्के, म्हणून २३ गुण. इथपर्यंत बरोबरी. पहिल्याकडे पीएच.डी., सेट, पाच शोधनिबंध आणि पाच वर्षांचा अनुभव आहे. त्याची बेरीज होते ८६. दुसऱ्याकडे नेट आहे, दोन निबंध आहेत, तीन वर्षांचा अनुभव आहे, पण पीएच.डी. नाही. त्याची बेरीज ४८. पात्र दोघंही आहेत. मुलाखतीचं पत्र कुणाला येईल, ते तुम्हीच सांगा.

महाविद्यालयांसाठीचा तक्ता जरा वेगळा आहे. तिथं पदवीला कमाल २१ गुण, पीएच.डी.ला २५, छात्रवृत्तीसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५ आणि शोधनिबंधांना ६. हेच दोघं तिथं गेले तर ८५ आणि ५७ अशी बेरीज होते. अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. या तक्त्यात एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. पदवीच्या गुणांनाही त्यात किंमत आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला 'पास झालो म्हणजे बस' असं वाटत असतं. दहा-बारा वर्षांनी ते ५८ टक्के त्याच्या समोर येऊन उभे राहतात, आणि तेव्हा ते बदलता येत नाहीत. त्यामुळं माझं हे बोलणं नोकरी शोधणाऱ्यांइतकंच आत्ता महाविद्यालयात बसलेल्या मुलांसाठीही आहे.

शिवाय हा तक्ता मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरता आहे. पुढं निवड कशी करायची, कशाला किती वजन द्यायचं, याबद्दल राज्य शासनाचे वेळोवेळी निर्णय होत असतात. जाहिरातीत 'निवडीची पद्धत' म्हणून एक परिच्छेद असतो. तो परिच्छेद त्या वेळचा नियम सांगतो. मागच्या वर्षी मित्रानं काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

नियमांतल्या तारखा माणसाचं आयुष्य कसं बदलतात, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचं. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात राज्यात अनेकांच्या नेमणुका नेट-सेट नसताना झाल्या. त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्यांची सेवा नियमित धरायची की नाही, हा वाद चालूच राहिला. २०१३ मध्ये प्राध्यापक संघटनांनी परीक्षेच्या कामावर दीर्घ बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्यांत हाही प्रश्न होता. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयानं या अध्यापकांच्या सेवा नियमित केल्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. राज्यात जुनी निवृत्तिवेतन योजना १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागणाऱ्यांना बंद झालेली. म्हणजे १९९३ मध्ये वर्गात उभा राहिलेला माणूस कागदावर २०१३ चा ठरला. मग निवृत्तिवेतनासाठी लोकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. नेमणुकीच्या दिवशी 'पात्रता पुढं बघू' असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण आठवा.

आता मुख्य प्रश्न. एवढी पात्रता मिळवून जागा आहेत कुठं? महाविद्यालयातली एक अनुदानित जागा भरायची तर आधी कार्यभार तपासला जातो. उच्च शिक्षण सहसंचालकांकडून ना-हरकत घ्यावी लागते. मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, ते त्या नामावलीनं ठरतं. मग जाहिरातीला विद्यापीठाची मंजुरी, मग निवड समिती, मग मान्यता, मग वेतननिश्चिती. या साखळीतली एक कडी अडली की वर्ष जातं. आणि मुळात शासनानं पदभरतीला परवानगी दिली तरच हे सगळं. २०१८ मध्ये राज्यानं महाविद्यालयांतल्या ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली. भरती चालू असतानाच कोरोना आला. ४ मे २०२० च्या निर्णयानं नवी पदभरती थांबली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. या मधल्या काळात सेट झालेली, पीएच.डी. झालेली मुलं वाढतच होती.

मग ती मुलं काय करतात? तासिका तत्त्वावर शिकवतात. श्रोतेहो, हा शब्द शहरातल्या पुष्कळांना माहीत नसेल. जितके तास घेतले तितक्याचं मानधन. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचे दिवस, यांचं काही नाही. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

माझ्या ओळखीतला एक तरुण आहे. घरी चार एकर कोरडवाहू. एम.ए., सेट, पीएच.डी., सगळं झालेलं. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. मुलांचा आवडता आहे. त्याची आई एकदा मला म्हणाली, "सर, पोरगं पिरोफेसर झालं म्हणते सारं गाव. मंग बियाण्याले पैसे काहून मागते बापाले?" काय उत्तर द्यावं? तिला बिंदुनामावली समजावून सांगू की वित्त विभागाचा शासन निर्णय?

त्याला मी मघाचा तक्ता दाखवला. अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षांत गुण पूर्ण झाले. सहाव्या, सातव्या, आठव्या, नवव्या वर्षानं त्याच्या गुणांत काहीच भर घातली नाही. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चार वर्षं मी फुकट थांबलो?" फुकट नाही, मी म्हणालो. त्या वर्षांत शेकडो मुलं तुझ्या हाताखालून गेली. पण ते जाहिरातीच्या हिशोबात धरत नाहीत, हे खरं आहे, आणि ते तुला पाचव्या वर्षीच माहीत असायला हवं होतं.

म्हणून तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, कागद जपा. दरवर्षीचं नेमणूकपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, मानधन बँकेत जमा झाल्याची नोंद आणि वर्ष संपल्यावर प्राचार्यांच्या सहीचा अनुभवाचा दाखला. अनुभव धरायचा की नाही, हे छाननी समिती कागदावरून ठरवते. प्राचार्य बदलल्यावर, संस्थेत वाद झाल्यावर जुना दाखला मिळवणं किती कठीण असतं, ते ज्याला लागलं त्यालाच कळतं. दुसरी गोष्ट, मुदत ठरवा. किती वर्षं थांबायचं, ते सुरुवातीलाच घरच्यांशी बोलून ठरवा. त्या मुदतीत दुसरा रस्ताही मोकळा ठेवा. स्पर्धा परीक्षांना वयाची अट असते. शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.एड. आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी लागते. ज्यांना संशोधनाची आवड आहे त्यांच्यासाठी छात्रवृत्त्या आहेत. नेटची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. छात्रवृत्ती घेऊन पीएच.डी. करणारा आणि बापाच्या सोयाबीनच्या पैशातून पीएच.डी. करणारा, यांच्या मनावरच्या ओझ्यात फार फरक असतो.

आणखी एक गोष्ट नभोवाणीवरून बोलायला अवघड, पण बोललं पाहिजे. 'जागा करून देतो' म्हणणारी माणसं प्रत्येक जाहिरातीबरोबर उगवतात. असाच एक बाप माझ्याकडे आला होता. मुलीची पात्रता उत्तम, पण कुणीतरी त्याच्या मनात भरवलं होतं, की पैशाशिवाय काही होत नाही. दोन एकर विकायची त्याची तयारी होती. मी त्याला एवढंच म्हणालो, "शेत गेलं तर ते परत येत नाही, आणि उद्या नेमणुकीची चौकशी झाली तर मुलगीच अडकेल." २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. त्या बापानं शेत विकलं नाही. मुलीला ती जागाही मिळाली नाही. पण शेत आहे, मुलीचं नाव स्वच्छ आहे आणि तिचे अर्ज चालू आहेत.

शेवटी, जाहिरात हाती आली की काय करायचं ते थोडक्यात सांगतो. आधी तारखा लिहून काढा. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला हाती असावी लागते. तोंडी परीक्षा झाली पण पीएच.डी.ची अधिसूचना निघाली नाही, तर ती पीएच.डी. त्या अर्जापुरती धरली जात नाही. मग जागेचा प्रवर्ग बघा. तुमच्या विषयाची एकच जागा असेल आणि ती दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव असेल, तर आशेनं अर्ज भरू नका. उलट, जागा खुली असेल तर ती सर्वांना खुली असते, हेही लक्षात ठेवा. राखीव प्रवर्गातली कितीतरी हुशार मुलं 'खुली' वाचून मागं फिरतात. महिलांसाठी ३० टक्के, खेळाडूंसाठी ५ टक्के असं समांतर आरक्षण ज्या पदांना लागू असेल तिथं ते जाहिरातीत दिलेलं असतं, तेही बघा.

नंतर दाखले. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र, अधिवास. नॉन क्रीमी लेयरच्या प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपलेली असेल तर जाहिरातीची वाट न बघता आधीच नवं काढून घ्या. तहसीलमध्ये अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला, असं होत नाही. नावांकडे बघा. दहावीच्या सनदेवर एक, पीएच.डी.च्या पदवीवर दुसरं, असं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे फार होतं. आणि ऑनलाइन अर्ज केला म्हणजे काम झालं असं समजू नका. पुष्कळ जाहिरातींत छापील प्रत सगळ्या कागदांसह ठरलेल्या तारखेपर्यंत कार्यालयात पोचवायची असते. 'पाठवायची' आणि 'पोचायची' या दोन शब्दांत एका आठवड्याचा फरक पडू शकतो. शेगावहून बडनेऱ्याला गाडीनं आणि तिथून अमरावतीला जाऊन स्वतः अर्ज देऊन पोच घेणारी मुलं मला शहाणी वाटतात.

पात्र ठरणं म्हणजे दार ठोठावण्याचा अधिकार मिळणं. आत खुर्ची मिळेलच, असं त्यात कुणी कबूल केलेलं नसतं. हे कटू आहे, पण आमच्या मुलांना ते कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. आणि ज्यांच्या हाती जागा भरण्याचे अधिकार आहेत त्यांनाही एक विनंती. एक पद रिकामं राहतं तेव्हा पगार वाचतो हे खरं, पण त्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी नवा, उद्याची शाश्वती नसलेला शिक्षक मिळतो. त्याच वर्गातून उद्याचा नेटचा उमेदवार तयार व्हायचा असतो.

परवाच आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं विचारलं, "काका, मला पुढं विद्यापीठात शिकवायचं आहे. आतापासून काय करू?" प्रश्न आला तो योग्य वयात. मी तिला म्हटलं, आधी या वर्षीच्या परीक्षेत ६० च्या वर राहा. मग तक्ता काढून दोघं वाचत बसलो.